दगड टाकण्याआधी वाळू मोजा

विजयादशमी
मुक्काम : सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं एक गाव

प्रति,
किनाऱ्यावरच्या बांधकामांचे प्रस्ताव करणारे, ते तपासणारे आणि त्यांवर सही करणारे सर्व अधिकारी, अभियंते व लोकप्रतिनिधी

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या गावच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, धूप प्रतिबंधक बंधाऱ्याचा दुसरा टप्पा मंजूर झाल्याचं गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचलं. दिवाळी आटोपली की काम सुरू. पहिल्या टप्प्याला पाच पावसाळे झाले. त्या बंधाऱ्याने काय वाचवलं, काय घालवलं, याचा हिशेब तुमच्यापैकी कोणी केलाय का, हे मी तीनदा लेखी विचारलं. दोन पत्रांना पोच मिळाली, तिसऱ्याला तीही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारते आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, तुमच्या कार्यालयाचंही नाही. नावं आली की बोलणं माणसांवर घसरतं आणि वाळू बाजूला राहते.

मी कोण ते आधी सांगायला हवं, कारण मागच्या बैठकीत मला 'स्थानिक महिला' म्हणून तीन मिनिटं दिली होती. तशी मी आहेच. पण मी भूवैज्ञानिकही आहे, किनारा आणि समुद्रतळ हा माझा विषय, आणि जवळजवळ चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. १९८३ साली अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी भारतीय शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाला गेल्या तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. पंत नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या. सेनगुप्ता तर भूविज्ञानातल्याच, म्हणजे माझ्या जातकुळीच्या. आईला पेपरातला फोटो दाखवला. ती म्हणाली, "बर्फात जाऊ नकोस हो, समुद्रावर जायचं तर जा." तिला वाटलं असणार, समुद्रावर म्हणजे आपल्या पुळणीवर.

त्या काळात आमच्या पिढीला वेड होतं ते खोल समुद्राचं. 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून मँगनीजचे पहिले गोळे वर काढले होते. पैसा तिकडे, जहाजं तिकडे, परदेशी परिषदाही तिकडेच. मी वाळू निवडली तर सहकारी म्हणायचे, "हिला किनारा सुटत नाही." खरंच सुटला नाही. पण पहिला धडा मिळाला तो मात्र खोल पाण्यातच. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनेकशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. त्या तळावर 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' नावाचं पठार आहे, पन्नास वाव, म्हणजे नव्वद मीटर पाण्याखाली. तिथला नमुना डेकवर आला, मी तळहातावर घेतला, तर माशाच्या गाभोळीसारखे गोल गोल दाणे. चुन्याचे. असले दाणे कमरेएवढ्या, हलत्या, ऊबदार पाण्यात तयार होतात, नव्वद मीटर खोल अंधारात नाही. म्हणजे कधीतरी किनारा तिथे होता. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण तळहातावरचे दाणे पाहिल्यावर ते पटलं.

तुम्ही नकाशावर किनाऱ्याची रेघ काढता तेव्हा मला ते दाणे आठवतात. रेघेबद्दल आणखी एक गंमत. महाराष्ट्राचा किनारा शाळेत आम्ही ७२० किलोमीटर पाठ केला. केंद्राच्या जुन्या आकड्यात तो ६५२.६ होता, आणि आता नव्या मोजणीत ८७७.९७ झालाय. किनारा वाढला नाही. मोजपट्टी बारीक झाली, खाड्यांचे नि खाचांचे कोपरे हिशेबात आले. मोजाल तसा तो दिसतो. माझं सगळं भांडण या मोजण्याबद्दलच आहे.

निवृत्त होऊन गावी आले, त्याच्या आधीपासून मी सुट्टीत येऊन आमची पुळण मोजत होते. यंत्र फार मोठं नाही. गावातल्या सुताराकडून सागाच्या दोन काठ्या करून घेतल्या, दीड-दीड मीटरच्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. के. ओ. एमरी नावाच्या अमेरिकन समुद्रभूवैज्ञानिकाने १९६१ साली ही पद्धत मांडली. एकाने मागे, एकाने पुढे उभं राहायचं, मागच्या काठीवरून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका ओळीत धरायचं, फरक वाचायचा, वहीत लिहायचा, मग पुढे सरकायचं. समुद्राची क्षितिजरेषा हीच तुमची पाणसळ. दर महिन्याला, ओहोटीला, माडाखालच्या त्याच दगडापासून त्याच दिशेने. माझ्यासोबत शाळेतली दोन पोरं असतात. त्यांतला एक आता अकरावीला आहे आणि माझ्याहून नीट वाचतो.

या मोजणीतून दिसतं ते गावातल्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, ठाऊकच आहे. आषाढात पुळण झिजते, माझ्या काठीवर वाळूची पातळी कधी दीड मीटर, कधी त्याहून जास्त उतरते. मग तुमच्याकडे फोन जातात, फोटो जातात, वर्तमानपत्रात 'समुद्राने किनारा गिळला' असं येतं. ती वाळू गेलेली नसते. पावसाळ्याच्या उभ्या, पाठोपाठ येणाऱ्या लाटा तिला ओढून थोड्या खोल पाण्यात वाळूचा आडवा बांध घालतात. मोठ्या लाटा मग त्या बांधावरच फुटतात आणि किनाऱ्याशी पोचेपर्यंत त्यांचा जोर निम्मा झालेला असतो. नवरात्रानंतर समुद्र शांत होतो, लांब, सावकाश लाटा तीच वाळू पुन्हा वर आणून टाकतात, आणि होळीपर्यंत पुळण भरते. आमच्या रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) एक म्हातारे तांडेल मला पहिल्या वर्षी म्हणाले होते, "बाय, दर्यो रेती उसनी व्हरता आणि परत हाडून देता. तुम्ही भिंत घातलास तर तो ती ठेवतलो खंय?" माझ्या कुठल्याही शोधनिबंधात इतकं थोडक्यात आलेलं नाही.

आता तक्रारी.

पहिली मोजणीची. पहिल्या टप्प्याचा अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवून वाचला. त्यातले धुपीचे फोटो जुलैमधले आहेत आणि पुळणीचा छेद, म्हणजे उताराची मोजणी, फेब्रुवारीतला, एकाच दिवशी घेतलेला. म्हणजे आजार पावसाळ्यातला आणि तपासणी हिवाळ्यातली. बंधाऱ्याचा पाया किती खोल न्यायचा हे त्या फेब्रुवारीच्या छेदावरून ठरलं, पुळण भरलेली असताना. पहिल्याच आषाढात पायाखालची वाळू नेहमीप्रमाणे उतरली आणि खालचे दगड कलंडले. अंदाजपत्रकात त्याला 'अतिवृष्टीमुळे झालेले नुकसान' म्हटलंय. पाऊस त्या वर्षी नेहमीसारखाच होता. धूप रोखण्याचे उपाय वैज्ञानिक अभ्यासावर आधारलेले असावेत, हे २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच लिहिलेलं आहे. एका दिवसाच्या छेदाला अभ्यास म्हणायचं असेल तर माझ्या अकरावीतल्या मदतनिसाला डॉक्टरेट द्यावी लागेल.

दुसरी, भरतीची. अहवालात भरती-ओहोटीचे आकडे मुंबईचे घेतलेत. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. जसजसं दक्षिणेला यावं तसतसा तो कमी होतो, गोव्यात दोनच्या आसपास राहतो. आमच्याकडे मुंबईचं पाणी आणून भिंतीची उंची ठरवली तर ती घराच्या पडवीतून समुद्र दिसणार नाही एवढी उंच होणारच. तशी झालीही. मुंबईला अपोलो बंदराजवळ १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाते, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. त्या नोंदीबद्दल मला फार आदर आहे. पण ती मुंबईची आहे. कोकणात पोरांनाही हिशेब येतो, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. तेवढं जरी कोणी गावात विचारलं असतं तरी पुढचा प्रश्न आपोआप निघाला असता, की पाणी चढतं कुठपर्यंत? त्याचं उत्तर प्रत्येक होडीवाल्याकडे आहे, कारण होडी कुठे ओढून ठेवायची ते त्याला रोज ठरवावं लागतं.

तिसरी तक्रार भिंतीच्या टोकांची आहे, आणि ती मांडताना मला स्वतःबद्दलही सांगावं लागेल.

१९९४ साली उत्तर कोकणातल्या एका गावच्या बंधाऱ्यावर माझं मत मागवलं होतं. मी नोव्हेंबरात दोन दिवस गेले. पुळण छान भरत आली होती. घरं खरंच जवळ होती, लोक खरंच घाबरलेले होते, आणि वरून फाइलची घाई होती. मी 'भूवैज्ञानिकदृष्ट्या हरकत नाही' लिहिलं आणि सही केली. पाच वर्षांनी दुसऱ्या कामाने तिथे गेले. बंधारा उभा होता, त्याच्या मागची घरंही शाबूत होती. बंधारा जिथे संपला त्याच्या पलीकडच्या वाडीतलं सुरूचं बन आडवं झालं होतं आणि स्मशानाचा चौथरा पाण्यात गेला होता. एका आजींनी विचारलं, "तुम्हीच का त्या मॅडम, तेव्हा आलेल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चहा दिला.

त्यात गूढ काही नव्हतं, आणि मला ते तेव्हाही माहीत असायला हवं होतं. लाट वाळूवर चढते तेव्हा तिचा जोर वाळूत मुरतो. दगडावर आदळते तेव्हा ती परतते आणि परतताना पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंतीमागच्या टेकाडात साठलेली वाळू पुळणीला मिळेनाशी होते. आणि भिंत संपते त्या कोपऱ्यावर लाट वळून आत घुसते. कोपऱ्यापलीकडची वाडी मग आपलीही भिंत मागते, ती मिळते, आणि कोपरा पुढे सरकतो. आमच्या गावात दुसरा टप्पा मागणारी वाडी पहिल्या टप्प्याच्या दक्षिण टोकालगतचीच आहे, हा योगायोग वाटतो का तुम्हाला? तिथले सात माड पाच वर्षांत गेले. त्यापूर्वीच्या माझ्या वह्यांत त्या जागी पुळण दरवर्षी भरून येत होती. पाच वर्षांत ती एकदाही पुरती भरलेली नाही.

एखादी ताठ वस्तू किनाऱ्याशी आडवी आली की काय होतं, हे गोव्याने बारा वर्षं पाहिलं. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलं आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिलं. जहाज तर एकच होतं, पण आजूबाजूची वाळू सरकली, पुळणीचा आकार बदलला. केरळने किनाऱ्याचा फार मोठा भाग दगडांनी बांधून काढला, तरी दर पावसाळ्यात तिथल्या बातम्या त्याच असतात. आणि देवबाग? एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूचा अरुंद दांडा आणि त्यावर माणसं. तिथल्या लोकांनी भिंत मागितली तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण वाळूचा दांडा वाळूवरच जगतो, आणि ती कुठून येते हे न शोधता त्याला नुसता दगडांचा काठ लावत बसणं म्हणजे तापलेल्या पोराला गोधडीवर गोधडी घालणं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण ज्याचं घर उद्या जाणार त्याने काय तुमच्या वह्या वाचायच्या? प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या वाड्या एका दिवसात उघड्या पडल्या, माडा-पोफळीच्या बागा झोपल्या. तिथल्या माणसाला धीर धरा म्हणून सांगायला माझीही जीभ रेटणार नाही. जिथे पुळण उरलेलीच नाही, जिथे रस्ता किंवा धक्का पाण्याला टेकलाय, तिथे दगड लागतील. मी भिंतीची वैरी नाही. मी आंधळ्या भिंतीची आहे.

चौथी तक्रार वाळूच्या उपशाची, आणि ती थोडक्यात. आमच्या खाडीच्या मुखाशी रात्री सक्शन पंप चालतात. सगळ्यांना आवाज येतो. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. त्या आणतात त्यातला पुष्कळ गाळ खाडीतच बसतो, आणि पुळणीवरची बरीचशी वाळू जुनी आहे, नव्याने फारशी येत नाही. म्हणजे ठेव मोडून खर्च चाललाय. त्याच इमारतीत एका टेबलावर वाळूचा परवाना निघतो आणि एक जिना वर दगडांची निविदा निघते. दोन्ही टेबलांवरच्या साहेबांनी एकदा एकत्र चहा घेतला तरी बराच खर्च वाचेल.

पाचवी. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या अहवालाला परिशिष्टं नव्हती. 'तांत्रिक स्वरूपाची असल्याने जोडलेली नाहीत.' लाटांच्या उंचीचे आकडे, वाळूच्या कणांचं मापन, यात गुपित ते काय? ज्याच्या अंगणातली वाळू आहे त्याला तिचा आकडा का दाखवायचा नाही? इथे आम्हा शास्त्रज्ञांचंही चुकलंच. आयुष्यभर मी निबंध लिहिले ते इंग्रजीत, आणि अशा नियतकालिकांत की माझ्या स्वतःच्या गावच्या शाळेला ते विकत घेणं परवडलं नसतं. हे पत्र मराठीत लिहितानासुद्धा पहिल्या दिवशी हात अडखळत होता.

सहावी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागते. महाराष्ट्रात विहिरीच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिची जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयं आहेत, तिथे भूवैज्ञानिक बसतात. दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. उत्तम काम आहे, माझे कितीतरी वर्गमित्र तिथून निवृत्त झाले. खनिजांसाठी वेगळं संचालनालय आहे. पण पुळणीची पातळी दर महिन्याला मोजणं हेच ज्याचं रोजचं काम, असा माणूस मला किनाऱ्यावरच्या एकाही जिल्हा कार्यालयात भेटलेला नाही. विहिरीत पाणी किती खाली गेलं हे तुम्हाला ठाऊक असतं, वाळू किती खाली गेली हे वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळतं. शिकलेली पोरं नाहीत असं म्हणू नका. मुंबई, पुणे, गोव्यातून दरवर्षी भूविज्ञान शिकून पोरं बाहेर पडतात आणि त्यांतली किनारा आवडणारी शेवटी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नाहीतर बँकेत जातात. माझी शेवटची विद्यार्थिनी, फोरामिनिफेरा या समुद्रातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर फार देखणं काम केलेली, आता विमा विकते. (चांगलं विकते, असं म्हणते.)

हा विषय म्हणजे हौस नाही, हे कळावं म्हणून एक उदाहरण. पुढच्या वेळी पुळणीवर उतराल तेव्हा मूठभर वाळू उचला. रत्नागिरीजवळ, काळबादेवी-मिऱ्याकडे असाल तर ती काळपट असेल, चुंबक फिरवलात तर काळे कण त्याला चिकटतील. बेसाल्टातून सुटलेली मॅग्नेटाइट-इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत ती. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे उतराल तशी वाळू उजळते, कारण इकडे बेसाल्ट सरतो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने, क्वार्ट्झने भरलेले खडक वर येतात. त्यात शिंपल्यांचा चुरा किती आहे ते पाहिलंत तर कळतं की ही वाळू नदीने आणली की समुद्राने. काही ठिकाणी शिंपले नि वाळू चुन्याने घट्ट होऊन दगडच झालेला दिसेल, लोक त्याला करल म्हणतात. जुन्या समुद्रपातळीच्या त्या खुणा आहेत, आणि आमच्याकडे पहिल्या टप्प्यात अशीच एक फळी जेसीबीने फोडून भरावात घातली. तिचं वय काढायला मी नमुना मागितला होता. ट्रक निघून गेला होता.

केळशीच्या वाळूच्या टेकाडाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. त्यात जुन्या त्सुनामीचा पुरावा आहे की तो निव्वळ वाऱ्याने साठलेला ढीग आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १५२४ साली वास्को द गामाचा ताफा दाभोळच्या समोर असताना समुद्र थरथरल्याची नोंद आहे. १९४५ साली मकरानच्या, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यावरच्या, भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. म्हणजे प्रश्न पोकळ नाही. टेकाडं शाबूत राहिली तर कधीतरी वाद मिटेल. रस्त्यासाठी, पुलाच्या जोडरस्त्यासाठी कापली तर मिटवायला काही उरणार नाही.

मागण्या साध्या आहेत.

दुसऱ्या टप्प्याचं काम दिवाळीनंतर सुरू करू नका. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि त्यानंतर वाळू भरून येण्याचा काळ, दर महिन्याला पुळण मोजा. पैसे नसतील तर माझ्या अकरा वर्षांच्या वह्या घ्या, स्कॅन करून देते, फुकट. मी स्वतः मोजल्यात म्हणून विश्वास नसेल तर तुमचा माणूस पाठवून त्याच दगडापासून पुन्हा मोजा.

त्या वर्षात ज्या चार घरांना खरोखर धोका आहे त्यांच्यासाठी वाळू भरलेल्या पिशव्यांचा तात्पुरता बांध घाला, जो नंतर काढता येईल. आणि त्या चार कुटुंबांना रीतसर विचारा, मागे गावठाणात जागा दिली तर जाल का. मी विचारलंय. दोघांनी हो म्हटलं. त्यांना आजवर हा प्रश्न कोणी केलाच नव्हता.

भिंतीखेरीज दुसरे उपाय कागदावर तरी तोलून पाहा. पुदुच्चेरीला १९८०च्या दशकात बंदराच्या लाटरोधक बांधांमुळे शहराची पुळण गेली, दगडांचा ढीग तेवढा राहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली अडसर बसवून वाळू परत आणून दाखवली. आमच्याकडे तेच चालेल असं मी म्हणत नाही, किनारा वेगळा, लाटा वेगळ्या. पण आमच्या अहवालात 'पर्यायांचा विचार' या मथळ्याखाली अडीच ओळी आहेत. तेवढ्यात तर नावंही मावत नाहीत. आणि पुळणीमागच्या टेकाडावरची मर्यादवेल उपटून तिथे बाकडी, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट घालणं तरी तूर्त थांबवा. वाऱ्याने उडालेली वाळू तीच वेल धरून ठेवते. तिला मर्यादवेल हे नाव ज्यांनी दिलं त्यांना तुमची सीआरझेडची रेघ माहीत नव्हती, तरी ती कुठे पडते ते बरोबर कळलं होतं.

खाडीच्या मुखाशी उपसा पूर्ण बंद. याला पाठपुरावा, समिती, बैठक काही लागत नाही. रात्री एक गाडी पाठवली तरी पुरे.

प्रत्येक किनारी बांधकामाचा अहवाल परिशिष्टांसह, मराठी सारांशासह, काम सुरू होण्याआधी निदान तीन महिने ग्रामपंचायतीत ठेवा. त्यात बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे किमान एकेक किलोमीटरवर काय होईल, हे लिहिलेलं असावं आणि ते लिहिणाऱ्याची सही असावी. पाच वर्षांनी त्याच माणसाने येऊन पाहावं, हेही लिहा. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, मी योगायोगाने गेले होते.

आणि जिल्ह्याला एक किनारा भूवैज्ञानिक. एकच पद मागते आहे. त्याला जहाज नको, मोठी यंत्रं नकोत. दोन काठ्या, वही, चाळण्या, दर महिन्याला ठरलेल्या ठिकाणी जायला गाडी, आणि त्याचं म्हणणं फाइलीत सगळ्यांत आधी लावायचा नियम.

बैठकीत तुमच्यापैकी एका साहेबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही विकासाच्या विरोधात आहात का?" तेव्हा तीन मिनिटं संपली होती. उत्तर आता देते. आमच्या गावचा विकास गेली कित्येक पिढ्या त्या पुळणीवरच झाला. रापण तिथेच ओढली जाते, होड्या तिथेच चढतात, मासळी तिथेच सुकते. आता पाहुणे येतात तेही पुळण बघायलाच येतात, तुमचे दगड बघायला कोणी खोली घेत नाही. बंधारा झाल्यापासून त्या भागात रापण लागलेली नाही. जाळं दगडात अडकून फाटतं, आणि दोर धरून उभं राहायला दोन्ही बाजूंना जी रुंदी लागते ती भरतीच्या वेळी उरत नाही. रापणीत तीस-चाळीस माणसं हिस्सेदार असतात. बंधाऱ्याच्या लाभ-खर्चाच्या तक्त्यात मी त्यांना शोधलं. नाहीत.

तर एक विनंती, मागण्यांच्या बाहेरची. येत्या कोजागरीला या. पौर्णिमा आहे, पाऊणपटीने भरती सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला. साडेचारला मी आणि ती दोन पोरं माडाखालच्या दगडापाशी काठ्या घेऊन उभे असू. आधी बंधाऱ्यासमोरून एक छेद घेऊ, मग दुसऱ्या टप्प्याची जागा, आणि शेवटी गावाच्या उत्तर टोकाला, जिथे अजून दगड पडलेला नाही. तीन छेदांना दीड तास लागतो. शेवटच्या छेदाला उजेड कमी असतो, बॅटरी आणा. बुटांऐवजी चपला घाला, आणि मागची काठी तुमच्यापैकीच कोणीतरी धरा. आकडे आमचा अकरावीतला मुलगा लिहून घेईल.

कळावे,
तुमच्या फायलीतली 'स्थानिक महिला',
एक निवृत्त भूवैज्ञानिक